दिवाळीतला लॅपटॉप: वापर कमी, सर्व्हिस सेंटर जास्त

आधी मशीनबद्दल, कारण बहुतेक जण त्यासाठीच हे वाचणार. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड, पंधरा इंची स्क्रीन. कराडच्या दुकानातून दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतला, सत्तर हजारांच्या आसपास पडला. माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. कोरल ड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्री-लिपी (मराठी अक्षरांचं) दिवसभर उघडं असतं. त्या कामाला स्क्रीन झकास आहे. छापून आलेला केशरी आणि पडद्यावरचा केशरी यांत फारसा फरक पडत नाही, आणि आमच्या धंद्यात केशरी रंगावरून भांडणं होतात. कीबोर्ड चांगला. चार्जर मात्र विटेएवढा. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी पुढचं सगळं तसंच लागू आहे.

तुळशीचं लग्न झालं की आमची लग्नसराई सुरू होते. तेव्हाच याचं नाटक सुरू झालं. मोठी फ्लेक्सची फाइल पीडीएफ करायला टाकली की पंखा जोरात फिरायला लागायचा, स्क्रीन काळी, आणि पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय काही हलायचं नाही. रोज नाही. दोन दिवस नीट, तिसऱ्या दिवशी दोनदा. हा असा अधूनमधून येणारा बिघाड सगळ्यात वाईट, कारण सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर मशीन शहाण्यासारखं वागतं.

दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "ताई, आम्ही फक्त विकतो. आता तुमचं आणि कंपनीचं." बिलाच्या तळाशी छापलेलंही होतं, की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही ओळ महाराष्ट्रातल्या निम्म्या बिलांवर असते आणि आपण ती ब्रह्मवाक्य समजून गप्प बसतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मात्र वेगळं सांगतो. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत. चांगली वस्तू रंग आवडला नाही म्हणून परत न्यायची असेल तर दुकानदाराची पाटी चालेल. बिघडलेल्या वस्तूला ती लागू नाही. ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांतही सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच व महिन्याच्या आत निवारण करायचं असतं.

तर पुणे. आमच्याकडे त्या कंपनीचं अधिकृत सेंटर नाही. पहिल्या खेपेला काउंटरवरच्या मुलाने "सॉफ्टवेअर इश्यू" म्हणून विंडोज नव्याने टाकून दिलं. जॉब शीटवर, म्हणजे तक्रार आणि दुरुस्ती नोंदवायच्या त्यांच्या कागदावर, तो लिहायला लागला, "सिस्टिम स्लो." मी पेन थांबवायला लावलं. तक्रार स्लोची नव्हतीच. "चार्जर लावून जड काम करताना स्क्रीन काळी, सक्तीने बंद करावे लागते" असं त्याच्याकडून लिहून घेतलं. पुढे सगळं या एका ओळीवर उभं राहिलं. तीच ओळ पुढच्या शीटवर शब्दशः पुन्हा आली, म्हणून हा एकच दोष परत परत येतोय हे कागदावर दिसलं. नाहीतर पहिल्यांदा स्लो, दुसऱ्यांदा हँग, तिसऱ्यांदा डिस्प्ले, म्हणजे तीन वेगवेगळे किरकोळ बिघाड आणि तिन्ही दुरुस्त, असं त्यांना म्हणता आलं असतं. मशीन परत घेतानाही तसंच. "समाधानकारक" अशा छापील ओळीखाली सही मागतात. मी त्याच्या वर "दोष गेला की नाही हे वापरल्यावर कळेल" असं लिहून सही केली. मुलगा वैतागला, पण लिहू दिलं.

दुसरा पुरावा फुकटचा आहे आणि विंडोजमध्येच बसलेला आहे. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप केलं की एक आलेख उघडतो. ज्या दिवशी मशीन अचानक बंद पडलं त्या दिवशी तांबडी फुली. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत त्याच वेळेला कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद असते. तिचा अर्थ इतकाच, की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण त्यातून कळत नाही, पण तारीख-वेळ कळते. याचे फोटो काढून ठेवा, आणि मशीन देण्याआधी काढा, कारण विंडोज नव्याने टाकलं की ही नोंद पुसली जाते. काळ्या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ तर हवाच.

दुसऱ्या खेपेला मदरबोर्ड बदलला. घरी येऊन सुरू केलं तर निळा पडदा, आणि ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की द्या म्हणे. बिटलॉकर म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप. ड्राइव्ह अशी कुलूपबंद असेल आणि बोर्ड बदलला तर त्यावरची सुरक्षा चिप बदलते, आणि विंडोजला वाटतं कुणीतरी ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावली. ही की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून लॉगिन करून मिळाली. खातं कोणत्या ईमेलवर काढलं हेच आठवत नसलेल्या माणसाचं काय होत असेल! डेटाची जबाबदारी घेत नाही असं जॉब शीटच्या मागे बारीक अक्षरात असतंच, त्यामुळे बॅकअप आणि ही की दोन्ही आधी.

बोर्ड बदलूनही तांबड्या फुल्या परत आल्या. मग मी पुण्याचा नाद सोडून एक ईमेल लिहिला, कंपनीला आणि दुकानदाराला, दोघांना एकत्र. भाषा साधी: अमुक तारखेला घेतला, अमुक तारखांना हीच तक्रार, जॉब शीट जोडल्या आहेत, दुरुस्तीने दोष जात नाही, १५ दिवसांत मशीन बदलून द्या किंवा पैसे परत करा. नुसतं "वॉरंटीत दुरुस्त करा" असं मागत राहिलं की दुरुस्तीच मिळत राहते. कायद्याने ग्राहक आयोगाला, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या न्यायालयाला, दोष काढायला लावणं, वस्तू बदलून देणं, किंमत परत देणं आणि भरपाई, हे सगळे आदेश देता येतात. मग मागताना आपण हात का आखडायचा?

उत्तर मजेशीर आलं. बिल माझ्या फर्मच्या नावावर, जीएसटी नंबरसह, म्हणून वापर व्यावसायिक, म्हणून मी ग्राहकच नाही. हे वाचून बरेच जण माघार घेतात. पण कायद्यातल्या ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण आहे: स्वतः वापरून, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. शिंपिणीचं मशीन, रिक्षावाल्याची रिक्षा, माझा लॅपटॉप. ऑफिसात चार पोरं ठेवून त्यांच्यासाठी चार लॅपटॉप घेतले असते तर गोष्ट वेगळी. हे दोन वाक्यांत कळवलं. तो मुद्दा पुन्हा निघाला नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिच्याबद्दल गैरसमज नको. ते कोर्ट नाही, हुकूम देऊ शकत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतं. पण कॉल सेंटरच्या मुलांना टाळून एखाद्या अधिकार असलेल्या माणसापर्यंत पोचायला ते उपयोगी पडतं. माझ्या बाबतीत त्यानंतर पहिल्यांदा एका बाईंचा फोन आला ज्यांना माझी फाइल माहीत होती.

त्यांनी रिफर्बिश्ड, म्हणजे आधीचं परत आलेलं आणि दुरुस्त केलेलं मशीन देऊ केलं. मी नाही म्हटलं. पैसे नव्याचे दिलेत. मग नोटीस पाठवली, पोस्टाने, पोचपावतीसह, वकिलाशिवाय. त्यात लिहिलं की पुढची पायरी साताऱ्याचा जिल्हा आयोग. २०१९ च्या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली तरतूद हीच: कंपनीचं ऑफिस बंगळूरला असो की गुरुग्रामला, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथे करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासायची असेल तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायद्यात आहे. तारखा किती पडतात ते आयोगाच्या आवारात बसलेल्या कुणालाही विचारा. म्हणूनच नोटिशीपाशी मिटलं तर बरं, असं माझं सरळ मत आहे. तत्त्वासाठी लढायला वेळ लागतो, आणि माझ्याकडे पत्रिका रांगेत होत्या.

मिटलं. त्याच मॉडेलचं सीलबंद मशीन आलं. सोबतच्या कागदावर "सर्व तक्रारी पूर्णतः मिटल्या, भविष्यात कोणताही दावा करणार नाही" अशी ओळ होती. ती खोडून "बदली मशीन मिळाले" एवढ्यावर सही केली. बुडालेल्या कामाची भरपाई मिळाली नाही. मागितली होती, ताणली नाही.

नव्या मशीनवर आता उरलेली लग्नसराई गेली. एकही तांबडी फुली नाही. बॅटरी कामात चार तासांच्या आत संपते, उन्हाळ्यात तळ तापतो, वेबकॅम सुमार. वॉरंटी जुन्या बिलाच्या तारखेपासूनच धरणार असं त्यांनी मेलमध्ये कळवलंय, म्हणजे येत्या दिवाळीला संपेल. यावर मेल टाकलाय, उत्तर नाही.

डिझाइनच्या कामासाठी घ्यावा का? पुण्या-मुंबईत राहत असाल तर घ्या, या पैशात अशी स्क्रीन मिळत नाही. बाकीच्यांनी दुकानातच विचारा, वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की मशीन घेऊन जायची. माझी घेऊन जायची होती.