मायकेल पॉवेलचे दोन ‘कोटा क्विकी’: आधी कोणता पाहावा?

ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेलचा ‘द रेड शूज’ आवडला आणि आता त्याचं सुरुवातीचं हलकंफुलकं काम पाहायचंय, तर दोन नावं समोर येतात: ‘हॉटेल स्प्लेन्डिड’ (१९३२) आणि ‘समथिंग ऑलवेज हॅपन्स’ (१९३४). एकच पाहणार असाल तर दुसरा पाहा.

१९२७च्या कायद्याने ब्रिटनमधल्या वितरकांना आणि थिएटरवाल्यांना ठरावीक वाटा ब्रिटिश चित्रपटांना देणं भाग पडलं. तो वाटा, म्हणजे कोटा, भरून काढायला स्वस्तात, झटपट सिनेमे निघू लागले; तेच ‘कोटा क्विकी’. त्यांचा ढोबळ दर फुटाला एक पौंड. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे मिनिटाला ९० पौंड! शॉट पुन्हा घेणं ही चैनच होती. हा हिशेब डोक्यात ठेवून पाहिलं की दोन्हींतली घाई खटकत नाही.

‘स्प्लेन्डिड’ ५३ मिनिटांचा. लंडनमधल्या एका कारकुनाला समुद्रकिनारी हॉटेल वारशात मिळतं. ते नावाइतकं भव्य नाही, पण त्याच जागी एका चोराने मोती पुरलेले असतात आणि त्यांच्यामागे माणसं येऊ लागतात. कारकुनाच्या भूमिकेत जेरी व्हर्नो जीव तोडून काम करतो. पॉवेल स्वतःही छोट्या भूमिकेत दिसतो. कथा मात्र लवकर ओळखता येते आणि बरीच पात्रं नुसती ये-जा करतात.

‘समथिंग’ ६९ मिनिटांचा, वॉर्नरच्या टेडिंग्टन स्टुडिओचा. खिसा रिकामा असलेला पीटर (इयन हंटर) एका बेघर पोराला सोबत घेतो. एका भारी गाडीजवळ उभा राहून ती आपलीच असल्याचा आव आणतो. गाडी असते समोरच्या मुलीची. ती मात्र ते सांगत नाही आणि स्वतःच गरीब असल्याचं भासवते. पुढे तिच्याच वडिलांच्या पेट्रोल कंपनीशी त्याची स्पर्धा जुंपते. मंदीच्या काळातली बेकारी इथे खरी वाटते, आणि तरीही सिनेमा कुठे रडका होत नाही. मला तो मनापासून आवडतो तो यासाठीच. पैशांची चणचण पडद्यावर दिसते, पण पीटर आणि त्या पोराच्या गप्पांना काहीच कमी पडत नाही.

पळापळीचा फार्सच हवा असेल, तर ‘स्प्लेन्डिड’ बरा. दोन्ही मिळून १२२ मिनिटं होतात. एका बैठकीत पाहणार असाल, तर आधी ‘स्प्लेन्डिड’ लावा. दोन वर्षांत पॉवेलचा हात किती सफाईदार झाला ते लगेच कळेल.