रिलॅक्सर की वेण्या?
न्यू जर्सीत राहणाऱ्या भाचीची कृष्णवर्णीय रूममेट नोकरीच्या मुलाखतींआधी पेचात आहे: रिलॅक्सर हे रसायन लावून केस सरळ करायचे, की आहेत तसे कुरळे ठेवून वेण्या घालायच्या?

वेळ: रिलॅक्सरने रोजचं विंचरणं सोपं होतं, पण मुळं वाढली की दीड-दोन महिन्यांनी पुन्हा पार्लरची वारी. बारीक वेण्यांना अख्खा दिवस मोडतो, पुढचे काही आठवडे मात्र निवांत.

सुरक्षितता: खरी मेख इथे आहे. रिलॅक्सरमधली तीव्र अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखं रसायन) केसांचे बंध कायमचे तोडते; टाळूही भाजू शकते. डब्यावर ‘नो लाय’ (म्हणजे कॉस्टिक सोडा नाही) लिहिलं तरी अल्कली असतेच, फक्त वेगळी. अमेरिकेत ३३,४९७ महिलांच्या ‘सिस्टर स्टडी’त (२०२२) वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाजित धोका ४.०५ टक्के निघाला, न करणाऱ्यांना १.६४. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. वेण्याही निर्धोक नाहीत बरं का! सतत घट्ट ओढल्या तर कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात, आणि जोडायच्या काही कृत्रिम केसांत शिसं सापडलंय.

ऑफिस: न्यू जर्सीत २०१९पासून ‘क्राउन’ कायदा आहे, वेण्यांवरून नोकरी नाकारणं बेकायदा. नजरा मात्र कायद्याने बदलत नाहीत.

सरळ केसच हवे असतील आणि टाळू धड असेल, तर रिलॅक्सर, तोही जितका क्वचित तितका बरा. टाळू नाजूक किंवा घरात कर्करोगाचा इतिहास असेल, तर सैल वेण्या.