तिसरं पान आणि नववं पान

ताईने काढलेल्या वेलीचा मूळ कागद मला परत मिळालेला नाही. पैसे गेले, चौदा महिने गेले, पण सगळ्यात जास्त सलतो तो कागद. इनलेचं काम असलेली इलेक्ट्रिक गिटार स्वतःसाठी बनवून घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पहिला हप्ता देण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितोय.

इनले म्हणजे लाकडात खाच कोरायची, तिच्यात शिंपला, हाड, धातू किंवा वेगळ्या रंगाचं लाकूड नेमकं बसवायचं आणि वरून घासून सगळं एका पातळीला आणायचं. मला त्याचं वेड लागलं ते पीआरएस कंपनीच्या १९९२ सालच्या ड्रॅगन गिटारचे फोटो पाहून. तिच्या फ्रेटबोर्डवरचा, म्हणजे तारांखालच्या बोटं दाबायच्या लांब पट्टीवरचा, ड्रॅगन २०१ तुकड्यांचा आहे. तेवढं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, पण एखादी वेल का नको, असं मनात आलं. ताई चित्रं काढते. तिने फ्रेटबोर्डच्या खऱ्या मापात पेन्सिलीने वेल काढून दिली. पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे त्या पट्टीवरची धातूची आडवी तार) उगवते, वळणं घेत चढते आणि बाराव्या फ्रेटवर मान वळवून बसलेला एक पक्षी. पानं, देठ, पिसं धरून ६४ तुकडे झाले. पानं ॲबलोन या रंगीत चमकणाऱ्या शिंपल्याची, पक्षी पांढऱ्या मोतीशिंपल्याचा, फ्रेटबोर्ड एबनी या काळ्या लाकडाचा आणि नेक, म्हणजे गिटारची मान, शिसवीचा, असं ठरलं.

कारागिराचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या कामाचे फोटो सुंदर होते. आणि बोलताना माणूस जाणकार वाटला, कारण त्याला खरोखरच माहिती होती. शिंपल्याच्या चकत्या साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या घ्याव्या लागतात, सोनाराच्या करवतीच्या केसासारख्या पात्याने एकेक पान कापावं लागतं, खाच कोरायला मिलिमीटरपेक्षाही बारीक बिट लागतं, फट राहिली तर इपॉक्सी या चिकट द्रावात एबनीचाच भुसा कालवून भरतात, हे सगळं त्याने मला सांगितलं. फ्रेटबोर्ड आडवा गोलसर असतो, त्यामुळे घासताना रुंद तुकड्याच्या कडा पातळ होतात, हेही त्यानेच सांगितलं. मी घरी येऊन हिशोब केला. ३०५ मिलिमीटर त्रिज्येच्या फ्रेटबोर्डवर ३० मिलिमीटर रुंदीच्या तुकड्याच्या कडेला जवळजवळ ०.४ मिलिमीटर शिंपला घासला जातो. त्याचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. त्या एका गोष्टीने माझा पूर्ण विश्वास बसला. एवढं बारीक जाणणारा माणूस खोटं काम कशाला करेल, असं मला वाटलं.

अर्धी रक्कम आधी, पाव रक्कम तुकडे कापून झाले की, आणि उरलेली पाठवण्याआधी, असं बोलणं झालं. कागदावर काहीच नाही. सगळं फोनवर आणि संदेशांत. "दादा, नक्कल बघून काम करत नाही मी, मूळ चित्र पाठवा, पेन्सिलीचा हात दिसला पाहिजे," असं तो म्हणाला. मला ते फार आवडलं. मी मूळ कागद पाठवून दिला. ताईने विचारलंही, "झेरॉक्स पुरली नसती का?" मी तिलाच समजावलं.

मग फोटो यायला लागले. करवतीत अडकलेलं एक पान. कोरलेली एक खाच आणि तिच्याभोवती काळा भुसा. बोटाच्या टोकावर ठेवलेला पक्ष्याचा डोळा. प्रत्येक फोटो इतका जवळून काढलेला की त्यात एका वेळी एकच पान दिसायचं. अख्खी वेल कधीच दिसली नाही. मला ती हौशी कारागिराची नजर वाटत होती. एका छोट्या चित्रफितीत तो शिंपल्याची भुकटी तोंडाने फुंकून उडवताना दिसला, मास्कशिवाय. शिंपल्याची धूळ फुप्फुसांना वाईट असते. हे काम रोज करणारे लोक मास्क लावतात, धूळ ओढून घेणारं यंत्र चालू ठेवतात, बरेचदा शिंपला ओला करून कापतात. तिथे मला शंका यायला हवी होती. मी उलट त्याला काळजीने लिहिलं, "तब्येत सांभाळा."

एका फोटोत मात्र फ्रेटबोर्डचा बराच भाग दिसत होता, तुकडे बसवण्याआधीचा. काळ्याभोर लाकडात सातव्या फ्रेटच्या जागेजवळ एक करडी-तपकिरी रेघ तिरपी गेलेली. एबनीत अशा फिक्या रेघा येतात, मला ती आवडलीही. हा फोटो लक्षात ठेवा.

दुसरा हप्ता दिल्यावर कारणं सुरू झाली. आधी हवेतला दमटपणा, मग लाकूड मुरायला वेळ, मग लॅकर, म्हणजे वरचा चमकदार लेप, सुकत नाही. यातलं एकही कारण मुळात खोटं नव्हतं. नायट्रोसेल्युलोज लॅकर नीट कडक व्हायला खरंच कित्येक आठवडे लागतात. म्हणून मी थांबत राहिलो. अकराव्या महिन्यात नवीन मागणी आली. नेक शिसवीचा असल्यामुळे साइटीसचा परवाना काढावा लागेल, त्याचं शुल्क वेगळं. दुर्मीळ प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरचा हा आंतरराष्ट्रीय करार खरा आहे आणि २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या जवळजवळ सगळ्या जाती त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, हेही खरं. पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अपवाद ब्राझिलियन शिसवीचा, ती १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि तिला ही सूट नाही. माझ्या नेकसाठी ब्राझिलियन शिसवी ठरलीच नव्हती. हे सगळं मी पैसे दिल्यानंतर वाचलं. आधी वाचायला पंधरा मिनिटं लागली असती.

गिटार आली तेव्हा मी पहिल्या दिवशी रडलो, आनंदाने. लांबून ती वेल फार देखणी दिसते, आजही. शेवटचा हप्ता देण्याआधी त्याने पाठवलेला अख्ख्या गिटारचा फोटोही असाच लांबून काढलेला होता.

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे फ्रेटबोर्डवर चकचकीत लॅकरचा थर होता. एबनीचा फ्रेटबोर्ड सहसा उघडाच ठेवतात, फार तर तेलाचा हात देतात. विचारल्यावर तो म्हणाला, "शिंपल्याला ओरखडे पडू नयेत म्हणून." दुसरी गोष्ट कानाला लागली. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर उघड्या तारेच्या वरच्या सप्तकाशी जुळेना, तो चढा यायचा. सॅडल, म्हणजे बॉडीवरचा तारेचा टेकू, मागे ओढत शेवटपर्यंत नेली तरी चढाच. मी मोजपट्टी घेतली. नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाकडच्या तारेच्या टेकूपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिलिमीटर, म्हणजे स्केल, दोन टेकूंमधलं तारेचं ठरलेलं माप, त्याच्या दुप्पट, ६४८ चं. मग बाराव्यापासून सॅडलपर्यंतही ३२४, आणि तारेच्या ताणासाठी त्याहून थोडं जास्तच, असायला हवं. ते भरलं ३१८. ही चूक हात हलल्याची नसते. ६४८ च्या स्केलचा नेक आणि त्याहून लहान स्केलसाठी छिद्रं पाडलेली बॉडी, दोन वेगवेगळ्या तयार संचांतून उचलून जोडलेली होती.

तीन आठवडे वाजवल्यावर नवव्या फ्रेटपाशी, जिथे मी तारा जास्त ओढतो, तिथला लॅकर झिजला आणि एका पानाची कड उचलली गेली. नखाने दाबली तर वाकली. शिंपला वाकत नाही, त्याचा कपचा उडतो.

मी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी आधी फक्त दिव्याखाली ती हळूहळू तिरकी केली. खऱ्या ॲबलोनमध्ये कोन बदलला की रंग आतून सरकतो, हिरवं होतं ते निळं होतं, काळसर भाग अचानक पेटतो. माझ्या वेलीवरची चमक सगळ्या पानांवर एकदम यायची आणि एकदम जायची. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तिसरं पान बघा. आता नववं बघा." दोन्ही पानांत तीच जांभळी लाट होती, तीच काळी वळणाची रेघ, तोच टोकाजवळचा गुलाबी ठिपका. नववं पान जरा फिरवून ठेवलं होतं, एवढंच. कुठल्याही दोन शिंपल्यांची नक्षी अशी जुळत नाही, एकाच शिंपल्याच्या दोन तुकड्यांचीही नाही. त्याने ताईचा कागद स्कॅन करून पानांत शिंपल्याच्या फोटोचे तुकडे भरले होते, चमकदार फिल्मवर छापले होते आणि ती स्टिकरं चिकटवून वरून लॅकर मारला होता.

मी ठीक आहे का, असं विचारून त्यांनी एक फ्रेट गरम करून उचलली. खाचेच्या आत लाकूड फिकट पिवळसर होतं. एबनी म्हणून दिलेलं लाकूड वरून काळं रंगवलेलं. खऱ्या इनलेत देठ फ्रेटखालून जात असेल तर फ्रेटची खाच शिंपल्यातूनही कापलेली असते. इथे फिल्मची पांढरी कड फ्रेटच्या अलीकडेच संपत होती आणि पलीकडे दुसरा तुकडा, अर्ध्या मिलिमीटरने सरकलेला. नेकच्या आत बसवलेल्या धातूच्या कांबीवरची, ट्रस रॉडवरची, झाकणी काढली तर तिच्याखालीही तेच फिकट लाकूड. शिसवी नव्हतीच.

त्या रात्री मी तो करड्या रेघेचा फोटो पुन्हा उघडला. माझ्या फ्रेटबोर्डवर सातव्या फ्रेटजवळ रेघ नाही. कुठेच नाही. फोटो उलटसुलट करून शोधल्यावर तो दुसऱ्याच एका कारागिराच्या जुन्या कामाचा निघाला, डावी-उजवी बाजू बदललेला. आणि नीट पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. फ्रेटबोर्डच्या कडेला वाजवणाऱ्याला दिसणारे जे ठिपके असतात, ते त्या फोटोत जाड तारांऐवजी बारीक तारांच्या बाजूला होते. ही गोष्ट मला त्याच वेळी दिसली होती. मी विचारलंही होतं. "मोबाइलचा कॅमेरा उलटं दाखवतो," असं उत्तर आलं आणि मी गप्प बसलो. याचा राग मला त्याच्याइतकाच स्वतःचाही येतो.

त्याला सगळे फोटो पाठवले. उत्तर आलं की "शिंपल्यासारखं काम" ठरलं होतं, शिंपल्याचं नव्हे. मी जुने संदेश चाळले. एका ठिकाणी खरंच "शिंपल्यासारखी चमक" असे शब्द होते, आणि मी त्यावर "हो" लिहिलं होतं. पैसे मी थेट त्याच्या खात्यावर पाठवलेले, त्यामुळे बँकेने हात वर केले. कार्डाने दिले असते तर निदान हरकत घ्यायचा रस्ता असता, पण त्यालाही मुदत असते, आणि चौदा महिन्यांच्या वाटपाहण्याने ती कधीच उलटून गेली असती. ती सगळी कारणं यासाठीच दिली असावीत, असं आता मला वाटतं. तक्रार दिली आहे. ती पुढे सरकलेली नाही. कागदाबद्दल विचारलं तर तेवढ्या एका प्रश्नाला त्याने उत्तरच दिलं नाही.

आता कोणी मला विचारलं तर मी लाकडाबद्दल सांगतो. लाकडाच्या रेषा बोटाच्या ठशांसारख्या असतात, त्या दुसऱ्या फळीवर येत नाहीत. फळी निवडली त्या दिवशी तिच्या दोन्ही टोकांचा आणि वरचा फोटो मागा, पाठीवर पेन्सिलीने तुमची सही करून घ्या, ती झाकली जाईपर्यंतच्या प्रत्येक फोटोत ती दिसली पाहिजे असं सांगा. नंतरच्या प्रत्येक टप्प्यावर त्याच रेषा आहेत का ते स्वतः जुळवून पाहा. जवळचा फोटो आला की त्याच मिनिटाला अख्ख्या फ्रेटबोर्डचा मागा. खाचा कोरून झाल्यावर, तुकडे बसवायच्या आधी, सगळा फ्रेटबोर्ड तिरक्या उजेडात दाखवायला सांगा. रिकाम्या खाचा स्टिकरने दाखवता येत नाहीत. कुठलं लाकूड, कुठला शिंपला, किती जाडीचा, स्केल किती, हे लिहून घ्या आणि "सारखा" हा शब्द कुठे आला तर तिथेच थांबवा. मूळ चित्र कोणालाही देऊ नका.

त्या बाईंना मी विचारलं, की याच नेकवर खरं काम होईल का. त्या म्हणाल्या, "या लाकडावर शिंपला वाया घालवू नका." फ्रेटबोर्ड तसाच ठेवलाय, पुरावा म्हणून. ताई म्हणते, ती वेल पुन्हा काढून देईल. मी अजून हो म्हटलेलं नाही.

लांबून काढलेला माझ्या गिटारचा तो फोटो तो अजूनही आपल्या कामाचा नमुना म्हणून नवीन लोकांना पाठवतो, हे मला दोघांकडून कळलंय. बाराव्या फ्रेटवर मान वळवलेला पांढरा पक्षी असलेली वेल तुम्हाला कोणी दाखवली, तर फोटो मोठा करा आणि खालून मोजत जा. तिसरं पान. मग नववं.