तार्त्युफ की दों ज्वाँ?

सतराव्या शतकातल्या फ्रेंच नाटककार मोलिएरच्या दोन नाटकांतले हे दोन ढोंगी; जास्त भयंकर कोण? तार्त्युफ तिसऱ्या अंकापर्यंत रंगमंचावर येतच नाही. येतो तोच नोकराला ऐकवत: माझा देहदंडाचा खरखरीत सदरा आणि चाबूक ठेवून दे! लगेच दासीपुढे रुमाल धरतो, आधी छाती झाक म्हणून. पुढे हाच बुवा यजमानाच्या बायकोला गळ घालतो आणि यजमान टेबलाखाली बसून ऐकतो. या प्रवेशाला तोड नाही.

दों ज्वाँ मुळात उघड नास्तिक. पाचव्या अंकात सोयीपुरतं भक्तीचं सोंग घेतो, वर नोकराला तसं सांगतोही! मला भीती याचीच जास्त वाटते. १६६४ मध्ये बंदी आलेला 'तार्त्युफ' १६६९ मध्ये सुटला. १६६५ चं 'दों ज्वाँ' मात्र १५ प्रयोगांत गुंडाळलं. त्यात धनी पाताळात गडप होतो आणि नोकर ओरडतो, "माझा पगार!"