मातीवरचा संघ की मॅटवरचा?

परभणी-बीडकडे मातीवर खेळणारे जुने कबड्डी संघ आघाडी मिळाली की वेळ काढायचे. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदानरेषा (चढाईत निदान तिथवर तरी जावंच लागतं) ओलांडायची अन् कुणाला हात न लावता परत यायचं. आज सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण हवाच, नाहीतर गडी बाद. म्हणून आताचे संघ त्या तिसरीसाठीच सापळा लावतात. बचावात तीन किंवा कमी गडी असताना पकड जमली तर वर एक गुण जादा. डावपेचात नवे पुढेच.

पकडीत मात्र जुनेच सरस. अनवाणी कोपरारक्षकाची बोटं मातीत रुतायची, घोटा धरला की रेटा मिळायचा. मॅटवर बूट चिकटतो. अंग वळतं, पाय वळत नाही, अन् गुडघा जातो. (मातीत ढोपरं सोलायची, तेवढंच.)