रजिस्ट्री खरी, जमीन दुसऱ्याची

मार्च २०१९ मध्ये आम्ही इंदूरहून ३८ किलोमीटरवर एक एकर जमीन घेतली. कागदावर ०.४०५ हेक्टर. १६,५०,००० रुपये विकणाऱ्याला, ३३,००० दलालाला. पुढच्या चार वर्षांत तिच्यावर आणखी ५,६५,००० घातले. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कळलं की ज्या मातीत हे सगळं घातलं ती आमची नाहीच. आमची एक एकर तिथून चारशे मीटर आत, नाल्यापलीकडे आहे. जायला रस्ता नाही, आणि पावसाळ्यात पाणी साचून राहतं.

रजिस्ट्री खोटी नव्हती, हे आधी समजून घ्या. विकणाऱ्याच्या नावावर जमीन होती, ऋण पुस्तिका (जमीन कुणाची ते सांगणारी सरकारी पुस्तिका) होती, नामांतरण झालं, खसऱ्यावर, म्हणजे सरकारी जमीन-नोंदीत, माझं नाव चढलं. मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला वकिलाचा सर्च रिपोर्टही बरोबरच होता. दाखवली एक, लिहून दिली दुसरी. असले प्रकार आम्ही ऐकलेले नव्हते असं नाही. पण दलाल आमच्याच भागातला, मराठी, गणपतीत रोज आरतीला उभा असणारा. "काकू, तुमचं काम म्हणजे घरचं काम." इंदुरात कुणी आपल्याशी मराठीत बोललं की आपण निम्मे निर्धास्त होतो. दलालाची भाषा बघू नका, नकाशा बघा.

आता ती घटका सांगते, जी आठवली की आजही झोप उडते. रजिस्ट्रीचा स्लॉट साडेअकराचा. सर्विस प्रोव्हायडरने, म्हणजे रजिस्ट्रीचे कागद तयार करणाऱ्याने, मसुदा वाचायला दिला. चतुर्सीमेत, म्हणजे शेताच्या चारी बाजूंना काय आहे त्या नोंदीत, लिहिलं होतं, पश्चिमेला शासकीय नाला. आम्हाला दाखवलेल्या शेताच्या पश्चिमेला डांबरी रस्ता होता. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, उत्तरपत्रिकेतली चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. इथेही सुटली नाही. मी बोट ठेवून विचारलं, "इथे नाला कुठला?" दलाल म्हणाला, "काकू, जुन्या नोंदी तशाच चालत आल्यात. पावसाळ्यात रस्त्याकडेने पाणी वाहतं ना, तोच." विकणारा मान खाली घालून चपलेकडे बघत होता. तेव्हाच उठायला हवं होतं. पण नंबर पुकारला, हे म्हणाले, "चल, नंतर बघू," आणि मी अंगठा टेकवला. रजिस्ट्रीला जोडलेला फोटोसुद्धा रस्त्याकडच्याच शेताचा होता. मग शंका तरी किती घ्यायची?

सीमांकनाचं, म्हणजे सरकारी मोजणी करून हद्द ठरवण्याचं, आम्ही विचारलं होतं. "गहू उभा आहे, आत्ता माप होत नाही, कापणीनंतर करून देतो." कापणी झाली, तो फोन उचलेना. आम्ही स्वतः अर्ज करायला हवा होता, केला नाही. उभं पीक असेल तर थांबा, जमीन पळून जात नाही. माप झाल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नका.

मग आम्ही लागलो कामाला. तारेचं कुंपण १,२६,०००. बोअर आणि मोटर १,४८,०००. तलावाचा गाळ ६० ट्रॉली, ७०० रुपयांप्रमाणे ४२,०००. पेरू-आंब्याची रोपं आणि ठिबक ६४,०००. शेवटी एक खोली, १,८५,०००. दर शनिवारी हे डबा घेऊन जात. मोटरसाठी अस्थायी वीज कनेक्शन मिळालं तेही खसऱ्याच्या नकलेवरच. जागेवर येऊन नंबर कुणी जुळवला नाही.

खरा मालक उज्जैनला राहणारा. त्याच्या गैरहजेरीत विकणाऱ्याचे भाऊबंदच ते शेत कसत होते. त्याने सीमांकन आणलं, मशीनने माप झालं, पटवारी (म्हणजे तलाठी) आणि राजस्व निरीक्षकासमोर पंचनामा झाला. आमची सगळी झाडं, बोअर, खोली त्याच्या खसरा नंबरात. मग मला भू-राजस्व संहितेच्या कलम २५० ची नोटीस आली, दुसऱ्याच्या जमिनीवर बेकायदा कब्जा केल्याबद्दल. फसवलं आम्हाला, आणि कब्जेदारही आम्हीच! त्या मालकावर माझा राग नाही, त्याची जमीन आहे.

राग आहे तो बाकीच्यांवर. ठाण्यात गेलो तर उत्तर मिळालं, "रजिस्ट्री असली है, जमीन भी है, फिर धोखा कहाँ? सिविल मॅटर है, कोर्ट जाओ." पाच खेपा घातल्या, तक्रारीची पावतीसुद्धा तिसऱ्या खेपेला. आधीच्या पटवाऱ्याची बदली झालेली, नवा म्हणतो मला काय माहीत. तहसिलीत सात तारखा पडल्या: कधी साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर, कधी फाइल सापडत नाही, कधी वकिलांचा संप. जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, तासभर रांगेत उभं राहून अर्ज दिला, तो फिरून त्याच तहसिलीत आला. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली तर ती परस्पर बंद, शेरा काय, "आवेदिका संतुष्ट". मी संतुष्ट! मला एक फोन तरी केला का कुणी? दोन्ही गुडघे दुखतात, तरी जिने चढून जाते, आणि खुर्चीतला पोरगा मान वर न करता म्हणतो, "अम्मा, अगले हफ्ते आना."

तक्रार द्याल तर पावती घेतल्याशिवाय उठू नका. फसवणूक कळल्या दिवसापासून दिवाणी दाव्याला ३ वर्षांची मुदत असते, हे मला वकिलाने सांगितलं, ठाण्यात कुणी नाही. ट्रेस नकाशा (शेतांच्या हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा) हातात घेऊन, दलाल सोबत नसताना शेतावर जा आणि शेजारच्या बांधावरच्या माणसाला विचारा. आमच्या शेजाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "किसी ने पूछा ही नहीं," म्हणाला.

दावा दाखल केला आहे, वकिलाचे आत्तापर्यंत ४५,०००. दलाल अजून त्याच भागात फिरतो. मागच्या महिन्यात तो त्याच रस्त्यावर एका मराठी जोडप्याला शेत दाखवत होता, सोबत लहान मुलगी होती, असं तो शेजारी सांगतो. इंदुरातलं तुमच्या ओळखीचं कुणी सध्या तिकडे जमीन बघत असेल, तर रजिस्ट्रीच्या आधी त्यांना हे वाचायला द्या.