गल्लीतलं भूत सातवीच्या वर्गात: एका कार्यशाळेबद्दल

बेळगावातल्या आमच्या मराठी शाळेत यंदा सातवी-आठवीसाठी 'परिसराचा वारसा' अशी शनिवारची कार्यशाळा घेतली. बाहेरची संस्था येते, मुलामागे फी घेते. मी इतिहास शिकवते, त्यामुळं प्रत्येक तासाला मागच्या बाकावर बसून होते. शहापूर-वडगावातल्या इतर शाळांतून विचारणा होतेय, म्हणून लिहिते.

पहिला तास वाया गेला. पडद्यावर किल्ला, 1204 मधली कमल बस्ती (किल्ल्यातलं जैन मंदिर), सफा मशीद, 1924 चं काँग्रेस अधिवेशन आणि गांधीजींचं अध्यक्षपद. सगळं बरोबर, पण एवढं मीही सांगते, तेही फुकट. कमल बस्तीच्या छतातून खाली उतरलेलं दगडी कमळ फोटोत चपटं दिसतं. किल्ला काय लांब आहे? न्यायचं होतं मुलांना.

पुढच्या वेळी मात्र संस्थेच्या ताईंनी प्रोजेक्टरला हातच लावला नाही. आल्या आल्या विचारलं, "तुमच्याकडं भूत कुठं आहे?" वर्ग पेटलाच! एक म्हणाला, तिसऱ्या रेल्वे गेटजवळ रात्री पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते. दुसरा उसळला, "गेटजवळ नाही बे, खानापूर रोडला!" तिसरीच्या मते ती लिफ्ट मागत नाही, नुसतं टायमिंग विचारते. ताईंनी तिन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि प्रत्येकाला विचारलं, स्वतः बघितलंय कुणी? कुणीच नाही. मामाच्या दोस्तानं, शेजारच्या काकांच्या मेव्हण्यानं. अशा गोष्टीतला साक्षीदार नेहमी एक घर पलीकडचाच असतो, हे पोरांनी स्वतःच हुडकून काढलं. मग गोष्ट रेल्वे गेटलाच का चिकटते, यावर अर्धा तास वाद. साधनं तपासायचा धडा मी दरवर्षी घेते, पण इतका रंगलेला आठवत नाही.

घरचा अभ्यासही चांगला होता: घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून एक गोष्ट किंवा गाणं आणायचं, सांगणाऱ्यानं ते कुठं, कुणाकडून ऐकलं तेही लिहायचं. एका मुलीची आजी कन्नड. तिनं जात्यावरचं गाणं कन्नडात सांगितलं, नातीनं कन्नड अक्षरांतच लिहून आणलं. शहापूरच्या एकानं आजोबांचा हातमागाचा धोटा दप्तरातून आणला. तो हातोहात फिरताना पार मधली सुट्टी झाली.

छापील पुस्तिका मात्र सोवळी आहे. वडगावच्या मंगाई यात्रेवर अख्खं पान, पण नवसाची कोंबडीची पिल्लं देवळावर उडवतात त्याचा उल्लेख नाही, त्याला होणाऱ्या विरोधाचाही नाही. पोरांनी विचारलंच. सोबतचा तरुण सर "ते नंतर बघू" म्हणून पुढं सरकला. वडगावच्या पोरांसमोर असं चालत नाही.

चौथी-पाचवीला घेऊ नका, भुतांपलीकडं गाडी जाणार नाही. सातवीपासून जरूर घ्या, फक्त पहिल्या तासाऐवजी किल्ल्याची फेरी मागून घ्या. आणि एक: मुलांनी आणलेले कागद संस्थेचे लोक 'संग्रहासाठी' घेऊन जातात. आधी झेरॉक्स काढून ठेवा. आजी-आजोबांची परवानगी आमच्या वेळी कुणी घेतली नव्हती. मी फाईल अडवून धरली, तेव्हा कुठं सहीचे फॉर्म आले.